उभ्या गाडीचा घसारा

वाणिज्य शाखेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी घसाऱ्याची कारणे शिकवली जातात. वापराने होणारी झीज, काळाचा ओघ, नव्या यंत्रामुळे जुने कालबाह्य ठरणे आणि अपघात, ही ती चार कारणे. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे व्यवहारात उतरल्यावर त्यांतले पहिले तेवढे लक्षात ठेवतो. गाडी झिजते ती धावल्याने, हा समज इतका पक्का असतो की गाडी जपायची म्हणजे ती उभी करून ठेवायची, असे सुशिक्षित घरांतही मानले जाते. दुसऱ्या कारणाकडे, म्हणजे काळाच्या ओघाकडे, सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः जुन्या गाडीचे जितके नुकसान रस्त्यावर होत नाही, तितके कधी कधी वखारीच्या सावलीत उभी असताना होते.

हिशेबाच्या वहीत हा फरक दिसत नाही. स्वतःचा माल वाहण्यासाठी ठेवलेल्या ट्रकवर आयकराच्या नियमांनुसार घटत्या शिल्लक पद्धतीने 15 टक्के घसारा धरला जातो. ट्रक भाड्याने चालविण्याचा धंदा असेल, तर तो 30 टक्के असतो. 15 टक्के दराने पाच लाखांच्या ट्रकची पुस्तकी किंमत 20 वर्षांनी सुमारे 19,400 रुपयांवर येते. ट्रक रोज शंभर किलोमीटर धावला काय किंवा वर्षभर एका जागी उभा राहिला काय, वहीतला आकडा तोच. मात्र किल्ली फिरवण्याची वेळ आली की या दोन ट्रकांतले अंतर कळते. सांगलीतील हळदीच्या एका व्यापारी घराला ते कळले, आणि पुढची दहा वर्षे त्या घराने त्याची जी वही ठेवली ती पाहण्यासारखी आहे.

सांगली म्हणजे हळद, हे समीकरण जुने आहे. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळच्या हरिपूरच्या मातीत पेवे खोदून त्यांत हळद साठवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 2005 च्या महापुरात त्यातली बहुतेक पेवे निकामी झाली आणि माल गोदामांत व शीतगृहांत जाऊ लागला. हंगामाच्या महिन्यांत मार्केट यार्डात सौदे निघतात, पोत्यांच्या थप्प्या लागतात, हमालांना श्वास घ्यायला सवड नसते. पावसाळा लागला की सारे मंदावते. त्यामुळे हळदीच्या व्यापाऱ्याचा ट्रक वर्षातले काही महिने थकेपर्यंत धावतो आणि काही महिने नुसता उभा असतो.

या घराचे कर्ते, ज्यांना सारा यार्ड अण्णा म्हणतो, त्यांनी 1997 साली सहाचाकी टाटा ट्रक घेतला. त्यांच्या वडिलांच्या काळी घरात ‘मर्सिडीज’ होती. जमशेदपूरला 1954 पासून जर्मन कंपनीच्या सहकार्याने जे ट्रक तयार होत, त्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. 1969 मध्ये तो करार संपला आणि ताऱ्याच्या जागी ‘टी’ अक्षर आले. तरीही जुन्या मंडळींच्या तोंडी मर्सिडीज हेच नाव राहिले. नव्या ट्रकवर जो चालक आला त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी पंधरा वर्षे हा ट्रक चालवला. इंजिनाच्या आवाजातला बदल ते मालकाच्या आधी ओळखत आणि मालकाला सांगण्यापूर्वी दुरुस्त करून आणत.

2012 मध्ये गुडघ्यांच्या दुखण्यामुळे उस्तादांनी काम सोडले. तोपर्यंत यार्डातली बहुतेक वाहतूक हुंडेकऱ्यांमार्फत भाड्याच्या गाड्यांनी होऊ लागली होती. नवा चालक ठेवण्याइतके काम उरले नव्हते आणि ट्रक विकावा असेही कोणाच्या मनात नव्हते. तो वखारीच्या मागच्या पत्र्याखाली उभा राहिला. वर ताडपत्री घातली गेली. अण्णांचा नातू तेव्हा महाविद्यालयात होता. गाडी बंद पडू नये म्हणून तो रोज सकाळी खाली येई, ट्रक सुरू करी, पाच मिनिटे घरघर होऊ देई आणि बंद करून वर्गाला जाई. घरात सर्वांना त्याचे कौतुक होते. एवढ्या निष्ठेने जुन्या वस्तूची काळजी घेणारी मुले हल्ली कुठे मिळतात, असे शेजारीही म्हणत.

दहा महिन्यांनी पासिंगची तारीख आली. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्या सकाळी ट्रक सुरू झाला नाही. बॅटरी बाहेरून आणून लावली, तेव्हा सुरू झाला पण गिअर पडेना. गिअर पडला तेव्हा मागची चाके फिरेनात. अखेर मेस्त्रींना बोलावणे गेले.

मेस्त्रींनी इंजिनात तेल भरण्याचे झाकण उघडले. त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर जमला होता. घरच्यांना वाटले, हेड गॅस्केट गेले आणि रेडिएटरचे पाणी तेलात उतरले. मेस्त्रींनी आधी रेडिएटर पाहिला. पाण्याची पातळी जागच्या जागी होती. मग ते नातवाकडे वळून म्हणाले, “दादा, पाणी बाहेरून आलेलं नाही. तुम्ही रोज थोडं थोडं तयार केलंय.”

हे बोलणे कोड्यासारखे वाटले तरी त्यामागचे शास्त्र सोपे आहे. डिझेलमध्ये हायड्रोजन असतो आणि तो जळताना त्याचे पाणी होते. एक लिटर डिझेल पूर्ण जळाले की वाफेच्या रूपाने जवळजवळ एक लिटर पाणी बाहेर पडते. इंजिन तापलेले असेल तर ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिन थंड असेल तर तिचा काही भाग सायलेन्सरच्या आत थंड होऊन पाणी बनतो आणि पत्रा आतून गंजू लागतो. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली तेलाच्या टाकीत उतरते. त्याच वाटेने न जळालेले डिझेलही खाली येते आणि तेल पातळ करते. रस्त्यावर अर्धा-पाऊण तास धावल्यावर तेल पुरेसे तापते आणि त्यातला ओलावा उडून जातो. पाच मिनिटांत ते कोमटही होत नाही. म्हणजे रोज पाणी जमा होत होते आणि ते उडून जाण्याची संधी एकदाही मिळत नव्हती. दहा महिन्यांच्या निष्ठेचा हा जमाखर्च होता.

बॅटरीचेही तेच. थंड डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर क्षणभर शेकडो अँपिअर खेचतो. ती तूट भरून यायला गाडी किमान वीस-तीस मिनिटे बऱ्या वेगाने चालावी लागते; मंद गतीवर पाच मिनिटांत ती भरत नाही. रोज काढायचे जास्त आणि भरायचे कमी, असे खाते कोणत्या दिवशी रिकामे होईल एवढाच प्रश्न असतो. 12 व्होल्टची निरोगी बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12.4 च्या खाली ती दीर्घकाळ राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग चार्जरवर लावूनही तिची पूर्वीची ताकद परत येत नाही.

बाकीची दुखणी मात्र इंजिनाची नव्हती. गाडी जागची न हलल्याची होती. क्लच प्लेट गंजाने चिकटली होती. मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला धरून बसले होते. मागच्या धुऱ्यातले तेल चाके फिरतात तेव्हाच वरच्या बेअरिंगपर्यंत उडते. इंजिन जागच्या जागी कितीही घरघरले तरी तिथे तेलाचा थेंब पोहोचत नाही. नायलॉनच्या टायरांचा जमिनीला टेकलेला भाग चपटा झाला होता आणि बाजूंना बारीक भेगा दिसत होत्या. डिझेलची टाकी पाव भरलेली होती. रिकाम्या भागातली दमट हवा रात्री थंड होऊन पत्र्यावर पाणी धरी, ते तळाशी साचे, आणि डिझेल व पाणी जिथे भेटतात तिथे काळपट बुळबुळीत शेवाळासारखे काहीतरी वाढले होते. वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणाखाली चिंध्यांचे घरटे सापडले, आणि त्यात डोळे न उघडलेली पिल्ले होती. मेस्त्रींनी काम थांबवले. घरच्या बायकांनी ते घरटे सुपात घेऊन वखारीच्या कोपऱ्यात हलवले आणि मगच पुढचे नटबोल्ट सुटले.

दुरुस्तीचे बिल आले तेव्हा अण्णांचा पुतण्या, जो पेढीचे हिशेब पाहतो, त्याने कागद समोर ठेवला. विमा, रस्ता कर, आठ वर्षांवरील गाडीला लागणारा पर्यावरण कर, पासिंग, बॅटरी, टायर. दुसऱ्या रकान्यात, तेवढाच माल भाड्याच्या गाडीने नेला तर येणारा खर्च. दुसरा आकडा बराच लहान होता. “अण्णा, गाडी आपल्याला परवडत नाही,” तो म्हणाला. त्याच्या हिशेबात चूक नव्हती आणि अण्णांनीही ती काढली नाही. ते म्हणाले, “परवडत नाही, हे खरं. पण ती उभी आहे म्हणून परवडत नाही की आहे म्हणूनच परवडत नाही, ते बघू. एक वर्ष चालवू. चालवणं जमलं नाही तर पुढच्या पासिंगच्या आत विकू. मात्र उभी ठेवायची नाही.”

दुसऱ्या दिवशी ते उस्तादांच्या घरी गेले. रोजचे लांबचे काम उस्तादांना झेपणारे नव्हते, पण आठवड्यातून एक दिवस दीड-दोन तास गाडी चालवणे झेपणार होते. वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन त्यांनी परवान्याचे नूतनीकरण करून घेतले. शेजारच्या बैठकीवर नातू बसू लागला. दोन वर्षांत त्याने स्वतःचा अवजड वाहनाचा परवाना काढला.

पहिल्या काही रविवारी ट्रक नुसताच मिरजेपर्यंत जाऊन परत आला. जाऊन-येऊन वीस किलोमीटर. चौथ्या रविवारी पाऊस होता, पाचव्या रविवारी घरी पाहुणे होते, आणि फेरी चुकली. अण्णांच्या लक्षात आले की विनाकारण काढलेली फेरी फार दिवस टिकत नाही. कारण नसले की सबब लगेच मिळते. गावाबाहेर पंधरा किलोमीटरवर एक पांजरपोळ आहे. तिथल्या जनावरांसाठी दर आठवड्याला कडबा लागतो आणि तो भाड्याच्या टेम्पोने जात असे. अण्णांनी संस्थेला कळवले की रविवारचा कडबा आमच्या गाडीने येईल. त्या दिवसापासून फेरीला वाट पाहणारे कोणीतरी मिळाले. पाऊस असला तरी जनावरांना भूक असतेच. पाहुणे आले तर पाहुण्यांतली तरुण मुले पेंढ्या चढवायला बरोबर जाऊ लागली.

जुना ट्रक किती दिवसांनी चालवावा, याचे उस्तादांनी घालून दिलेले उत्तर असे होते: आठवड्यातून एकदा, निदान तीस किलोमीटर, आणि जमल्यास थोडे वजन घालून. काही अडचण आली तर पंधरा दिवस चालतील. त्यापुढे जाऊ नये. पावसाळ्यात मात्र आठवडा चुकवू नये, कारण दमट हवेत गंज फार झपाट्याने चढतो. फेरी सलग असावी. पाच-पाच किलोमीटरच्या सहा फेऱ्या म्हणजे तीस किलोमीटरची एक फेरी नव्हे. त्या सहाही फेऱ्यांत इंजिन अर्धेकच्चे तापलेले राहते. वजनाचेही कारण आहे. रिकामी गाडी इंजिनाला पुरेसे काम देत नाही, जळण नीट होत नाही आणि काजळी साचते. कडब्याचे वजन फार नसले तरी रिकाम्यापेक्षा बरे.

निघण्यापूर्वीच्या पाहणीला ते दहा मिनिटे देत. आधी गाडीखालची जमीन पाहायची. तेलाचा किंवा पाण्याचा नवा डाग दिसला तर तो कुठून आला ते शोधायचे. मग झाकण उघडून उंदीर, खार, मांजराची पिल्ले, पक्ष्यांचे घरटे काही नाही ना, हे हात घालून नव्हे, बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी पाहायचे. तेल व पाणी तपासायचे. डिझेलच्या फिल्टरखालचा बोल्ट सैल करून तळाचे पाणी सोडायचे. टायरमधली हवा मापाने बघायची. सुरू केल्यावर गाडी लगेच दामटायची नाही, तशी जागेवर फार वेळ तापवतही बसायची नाही. हवेच्या ब्रेकचा काटा पुरेसा वर आला की हळू निघायचे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर खालच्या गिअरमध्ये जायचे. मोकळा रस्ता मिळाला की आरशात मागे पाहून दोन-तीनदा ब्रेक लावून बघायचा. ड्रमवर चढलेला पातळ गंज त्यानेच निघतो. नंतर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने, सगळे गिअर वापरत जायचे. चपटे झालेले टायर पहिल्या काही किलोमीटरांत धडधडतात आणि गरम झाले की पुन्हा गोल होतात. दिवे, वायपर, हॉर्न हेही त्याच फेरीत वापरून घ्यायचे.

परतल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे मंद गतीवर ठेवून बंद करायचे. हवेच्या टाक्यांखालच्या खिट्ट्या ओढून साचलेले पाणी सोडायचे. गाडी सपाट जागी, चाकांना लाकडी ठोकळे लावून उभी करायची, म्हणजे हँडब्रेक दिवसेंदिवस ओढून ठेवावा लागत नाही. पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरून घ्यायची, कारण भरलेल्या टाकीत दमट हवेला जागाच उरत नाही. पाटे, किंगपिन आणि प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट यांना महिन्यातून एकदा ग्रीस. इंजिनाचे तेल, ठरलेले किलोमीटर झाले नसले तरी, वर्षातून एकदा बदलायचे. तेल चालण्याने जुने होते तसे नुसत्या काळानेही होते.

एखादा महिना किंवा हंगाम गाडी खरोखरच काढता येणार नसेल, तर अधूनमधून सुरू करण्याचा मोह टाळावा, हेही उस्तादांचे सांगणे होते. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती चार्जरवर लावावी. टाकी भरावी, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवावी, सायलेन्सरचे तोंड व हवेची नळी जाळीने झाकावी, आणि झाकल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी, म्हणजे सुरू करताना ती काढायची आठवण राहते. पाच मिनिटांच्या घरघरीपेक्षा संपूर्ण विश्रांती बरी. ज्यांच्याकडे 2020 नंतरची बीएस-6 डिझेल गाडी आहे, त्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेवावे. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमधली काजळीची गाळणी स्वच्छ होण्यासाठी इंजिन चांगले तापून सलग चालावे लागते. थोड्या थोड्या फेऱ्यांनी ती तुंबते.

अण्णांनी या फेऱ्यांची वही घातली. तारीख, किलोमीटर, सुरू होताना बॅटरीचे व्होल्ट, टाकीतून निघालेले पाणी, आणि शेरा. पहिल्या वर्षी शेऱ्याच्या रकान्यात गर्दी होती. तिसऱ्या वर्षापासून बहुतेक ओळींपुढे ‘ठीक’ एवढाच शब्द दिसतो. वर्षअखेरीस पासिंगच्या आधी वही पुतण्यासमोर ठेवली जाई. नियम घरात ठरला होता: वर्षाच्या बावन्न रविवारांपैकी चाळीस भरले असतील तर गाडी ठेवायची, नसतील तर विकायची. ममता आणि हिशेब यांचा वाद या एका आकड्यामुळे पुन्हा झाला नाही.

ऑगस्ट 2019 च्या पहिल्या आठवड्यात कृष्णेचे पाणी चढू लागले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशाऱ्याची पातळी आणि 45 फूट ही धोक्याची. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांना त्या महापुराच्या खुणा तोंडपाठ होत्या, आणि अनेकजण त्या खुणांच्या वर पाणी येणार नाही या भरवशावर थांबले. अण्णा थांबले नाहीत. पाणी इशाऱ्याच्या पातळीवर आल्याचे कळताच त्यांनी खालच्या भागातल्या गोदामातला माल हलवायचे ठरवले. हुंडेकऱ्याकडे एकही गाडी मोकळी नव्हती. जो तो तेच करत होता. नातवाने पत्र्याखालचा ट्रक काढला. मागच्या रविवारीच तो कडबा टाकून आला होता. पहिल्या किल्लीला सुरू झाला.

त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात फेऱ्या झाल्या. वही त्या दिवसांतही लिहिली गेली आहे. पहिल्या तीन फेऱ्या हळदीच्या. चौथ्या फेरीला गल्लीतल्या एका किराणा दुकानदाराने विचारले, आणि त्याची पोती गेली. पाचव्या फेरीत गाद्या, शिलाईची यंत्रे आणि एका शिकवणीवर्गाची बाके. शेवटच्या दोन फेऱ्या माणसांच्या, त्यांत चालू न शकणाऱ्या तीन आजी खुर्च्यांसकट. उस्ताद तेव्हा सत्तरीला टेकले होते. ते स्टिअरिंगवर नव्हते, पण शेजारी बसून होते. रस्त्यावर पाणी दिसू लागले तेव्हा नातू आणखी एक फेरी काढायला तयार होता. उस्तादांनी हात आडवा धरला. “पाण्याखालचा रस्ता दिसत नाही, दादा. गाडी वाचवायची असेल तर आता थांबायचं, आणि माणसं वाचवायची असतील तरी आता थांबायचं. पुढचं काम नावांचं.” ट्रक मिरजेच्या उंच भागात उभा राहिला. पुढे पाणी 57 फुटांच्या वर गेले. वखारीच्या मागचा पत्रा, जिथे ट्रक उभा असे, तो त्या दिवसांत दिसेनासा झाला होता.

पूर ओसरल्यावर त्याच ट्रकने आठ दिवस चिखल, कुजलेले धान्य आणि फुगलेले फर्निचर बाहेर नेले. पुतण्याने त्या वर्षीच्या हिशेबात गाडीपुढचा खर्चाचा रकाना भरला आणि उत्पन्नाचा रकाना रिकामा ठेवला. वाचलेल्या मालाची किंमत त्याला ठाऊक होती. पण ती कोणत्या खात्याला जमा धरावी, हे हिशेबशास्त्रात बसत नव्हते. त्या पासिंगच्या वेळी त्याने दोन रकान्यांचा कागद काढला नाही.

मात्र एका पुरावर गाडी कायम ठेवावी, असे अण्णांनी कधी म्हटले नाही. 2022 पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या योग्यता तपासणीचे शुल्क बरेच वाढले. सुटे भाग मिळायला दिवस लागू लागले. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नातवाचे लग्न झाले, शीतगृहाची जबाबदारी त्याच्यावर आली आणि रविवारही कामाचे होऊ लागले. 2023 मध्ये वर्षअखेरीस वही उघडली तेव्हा फेऱ्या निघाल्या सत्तावीस. पुतण्या काही बोलला नाही. नातूही बोलला नाही. अण्णांनी वही दोनदा मोजली, मिटली आणि म्हणाले, “गिऱ्हाईक बघा. पण भंगारवाला नको.”

भंगारवाला लोखंडाच्या वजनावर भाव करतो. चालू गाडी घेणारा इंजिन ऐकतो, ब्रेक बघतो, पासिंगचे कागद उलटतो आणि मग बोलतो. तासगाव भागात सरकी पेंड विकणारे एक व्यापारी आले. त्यांना आठवड्यातून चार दिवस जवळच्या खेड्यांत पेंड पोहोचवायला गाडी हवी होती. त्यांनी ट्रक चालवून पाहिला आणि मग दहा वर्षांची वही चाळली. भावाची घासाघीस फार झाली नाही. मिळालेली रक्कम भंगाराच्या भावाच्या दुपटीहून अधिक होती. पुस्तकी किमतीशी तिची तुलना करण्यात अर्थ नव्हता. ती केव्हाच शून्याच्या जवळ पोहोचली होती.

ट्रक पोहोचवायला नातू गेला, आणि दिसत कमी असूनही उस्ताद शेजारी बसून गेले. पंचविसेक किलोमीटरचा रस्ता. तिथे पोहोचल्यावर त्यांनी नव्या चालकाला हवेच्या टाकीची खिट्टी कुठे आहे, फिल्टरखालचा बोल्ट किती सैल करायचा आणि दुसरा गिअर थंडीत जरा दमाने टाकावा, एवढे सांगितले. नव्या मालकाने विचारले, “उस्ताद, एवढी जुनी गाडी, किती जपायची?” उस्ताद म्हणाले, “जपू नका, मालक. चालवा.”

पांजरपोळाचा कडबा आता पुन्हा भाड्याच्या टेम्पोने जातो आणि त्याचे भाडे पेढीतून दिले जाते. पत्र्याखालची जागा मोकळी आहे. ज्यांच्या दारात अशी एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, त्यांनी या घराच्या वहीतून एवढेच घ्यावे की गाडीला आठवड्याला तीस किलोमीटरचे काहीतरी काम नेमून द्यावे आणि फेऱ्या लिहून ठेवाव्यात. चाळीस भरल्या तर गाडी तुमची. नाही भरल्या, तर ती चालू आहे तोवर, जो चालवील त्याच्या हाती द्यावी.